बायपासच्या शिरेतली गुठळी: काढायची, गाळायची की तिच्या वाटेलाच जायचं नाही?

धमनीकर

मागच्या धाग्यावर अवांतर फार वाढलं, म्हणून हा विषय वेगळा काढतोय. पायातली सॅफेनस शीर वापरून केलेला ग्राफ्ट (बायपासची नळी) काही वर्षांनी बंद पडतो, अँजिओत आत गुठळी दिसते आणि रुग्ण छातीदुखी घेऊन कॅथलॅबच्या टेबलावर असतो. अशा वेळी काय करायचं? मूळ कोरोनरी धमनीतल्या गुठळीचे आडाखे इथे जसेच्या तसे लावले की फसगत होते. का होते, ते आधी.

१९६७ मध्ये क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये रेने फावालोरो यांनी शिरेच्या ग्राफ्टची शस्त्रक्रिया रुळवली, तेव्हापासून ही शीर आपल्या कामाची आहे. पण ती मुळात शीरच. कमी दाबाची सवय असलेल्या नळीला आपण थेट महाधमनीला टाचतो. पहिल्या महिन्यात ती बंद पडली तर कारण बहुधा टाक्यात, पिळात किंवा पुढच्या धमनीच्या बारीकपणात असतं, आणि बंद करते ती निव्वळ गुठळी. महिना ते वर्ष या काळात आतलं अस्तर जाड होत जातं. वर्षानंतर मेदाचा थर. हा थर मूळ धमनीतल्या थरासारखा नसतो. तो लांबवर पसरलेला, सगळ्या बाजूंनी चढलेला, वरचं आवरण पातळ, चुना कमी, आत मऊ आणि ठिसूळ. लोणी कढवल्यावर तळाशी राहणाऱ्या बेरीसारखा, बोट लावलं की सुटणारा.

दुसरी गोष्ट, ग्राफ्टला फांद्या नसतात. मूळ धमनीत अडथळ्याच्या आधी एखादी फांदी असते, तिच्यातून रक्त वाहतं ठेवलं जातं. ग्राफ्ट खाली कुठेही अडला की महाधमनीच्या तोंडापर्यंतचा सगळा स्तंभ स्थिर होतो आणि गोठतो. म्हणून खरा दोष काही मिलिमीटरचा आणि गुठळी १० सेंटीमीटरची, असं चित्र नेहमी दिसतं. डोळ्यांना दिसते ती गुठळी बहुतेक वेळा परिणाम असतो, कारण तिच्याखाली लपलेलं असतं.

अशा ठिकाणी सवयीने मोठा बलून फुगवला की गुठळी आणि ठिसूळ मेद दोन्ही खाली ढकलले जातात. सूक्ष्म वाहिन्या तुंबतात, शिवाय त्या मालातून सुटणाऱ्या सेरोटोनिनसारख्या द्रव्यांनी त्या आवळतातही. नळी उघडलेली दिसते पण स्नायूला रक्त पोचत नाही. पाट फोडला आणि वाफे कोरडेच, अशी गत. यालाच आपण 'नो-रिफ्लो' म्हणतो आणि शिरेच्या ग्राफ्टमध्ये तो मूळ धमनीपेक्षा कितीतरी जास्त वेळा होतो.

म्हणून 'गुठळी कशी काढू' हा पहिला प्रश्न नव्हेच. पहिला प्रश्न: कोणत्या नळीवर काम करू? त्यासाठी शस्त्रक्रियेची नोंद आणि जुनी अँजिओ हातात हवी. ग्राफ्ट किती, कुठून कुठे, एकच शीर दोन धमन्यांना क्रमाने टाचली आहे का, हे कळल्याशिवाय तोंड शोधत बसणं म्हणजे कॉन्ट्रास्ट (अँजिओत सोडायचा रंग) आणि मूत्रपिंड दोन्ही वाया घालवणं. मूळ धमनी कामाची असेल तर तीच उघडावी. अमेरिकन मंडळींच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांतही शक्य असेल तिथे ग्राफ्टपेक्षा मूळ धमनीची अँजिओप्लास्टी रास्त मानली आहे, आणि जुनाट, पूर्ण बंद पडलेल्या शिरेच्या ग्राफ्टला हात लावू नये असं स्पष्ट म्हटलं आहे. या दुसऱ्या मुद्द्यावर माझं मत त्याहून कडक आहे. महिनोन्महिने बंद असलेला ग्राफ्ट उघडण्याची हौस कोणी करू नये.

पण ताजा अटॅक आहे, ग्राफ्ट आत्ता बंद झालाय आणि त्याच भागाची मूळ धमनी १५ वर्षांपासून ठार बंद आहे, तर? मग ग्राफ्ट हीच एक वाट. तो उघडायचा, आणि मूळ धमनीचं जुनं कुलूप पुढे सवडीने उघडता येईल का ते पाहायचं. धाग्यावर मुख्यतः याच रुग्णाबद्दल बोलू या.

बाह्यरुग्ण

चांगला धागा. तालुक्याच्या ठिकाणाहून प्रश्न. बायपास झालेला रुग्ण, ईसीजीत एसटी वर (मोठ्या अटॅकची खूण), कॅथलॅब तीन तासांवर. टेनेक्टेप्लेज (गुठळी विरघळवणारं औषध) द्यायचं की ग्राफ्टच्या गुठळीवर ते चालणार नाही म्हणून नुसतंच पुढे पाठवायचं?

धमनीकर

@बाह्यरुग्ण, द्यायचं. १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होणार नसेल आणि विरोधी कारण नसेल, तर आधीच्या बायपासमुळे नियम बदलत नाही. शिवाय बंद झालाय तो ग्राफ्ट की मूळ धमनी, हे ईसीजीवरून तुम्हाला कळणारही नाही. फक्त अपेक्षा कमी ठेवा. गुठळीचा साठा मोठा, स्तंभ स्थिर, त्यामुळे शिरेतून दिलेलं औषध गुठळीच्या तोंडाशी पोचतं, पोटात शिरत नाही. म्हणून औषध देतानाच रुग्णवाहिका दारात हवी. ६० ते ९० मिनिटांनी पुन्हा ईसीजी. एसटी निम्म्याने खाली आला नसेल तर रेस्क्यू अँजिओप्लास्टी. खरं तर निकालाची वाट न पाहता औषध देऊन लगेच हलवणं उत्तम.

अपवाद: शस्त्रक्रिया होऊन तीनच आठवडे झालेत. तिथे गुठळी विरघळवणारं औषध म्हणजे छातीच्या पोकळीत रक्तस्राव ओढवून घेणं. सरळ पाठवा.

आणखी एक. बायपासवाल्यांचा अटॅक बरेचदा एसटी न चढताच येतो. जुने बदल, बंडल ब्रांच ब्लॉक यांत नवं काही दिसत नाही. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणारं रक्तातलं प्रथिन) वाढतंय आणि दुखणं थांबत नाही, तर ईसीजी 'जुनाच आहे' म्हणून रात्रभर ठेवू नका.

काळा_ॲप्रन

टेबलाच्या बाजूने लिहितो. डॉक्टर मंडळी धोरण लिहितात, पण निम्मे घोळ सामान उघडण्याच्या क्रमात होतात.

ग्राफ्टची तोंडं: उजव्या कोरोनरीचा ग्राफ्ट महाधमनीवर सर्वांत खाली आणि उजवीकडे. डावे ग्राफ्ट त्याच्या वर, क्रमाने एलएडी, डायगोनल, ऑब्ट्यूज मार्जिनल (डाव्या बाजूच्या धमन्या) असे चढत जातात. काही सर्जन तोंडाशी धातूची कडी लावतात, ती दिसली तर शोध सोपा. उजव्या ग्राफ्टला मल्टिपर्पज गाइड (बाकी सामान आत नेणारी नळी) सहसा छान बसतो. डाव्यांना जेआर ४, एलसीबी, नाहीतर एएल १ या आकारांचे गाइड. आधार हवा, कारण फिल्टर (सुटलेला माल अडवायला दोषाच्या खाली उघडायचं जाळं) वर-खाली करताना गाइड उडाला की सगळं मुसळ केरात. रेडियलने (मनगटातून) करणार असाल तर रुग्णाच्या डाव्या हातातून या, लिमाही (छातीतल्या डाव्या धमनीचा ग्राफ्ट) त्याच वाटेने बघता येते. गुठळी मोठी असेल तर ७ फ्रेंच (नळीच्या जाडीचं माप) घ्या. ६ मध्ये ॲस्पिरेशन कॅथेटर (गुठळी ओढून घेणारी नळी) जातो, पण तो आत असताना कॉन्ट्रास्ट नीट ढकलला जात नाही आणि काही दिसत नाही.

हेपरिन किलोमागे ७० ते १०० युनिट. एसीटी (रक्त गोठायला लागणारे सेकंद) २५० च्या वर गेल्याशिवाय फिल्टर उघडू नका. फिल्टर हे जाळं आहे, रक्त पातळ नसेल तर त्याच्यावर स्वतःचीच गुठळी धरते आणि मग 'नो-रिफ्लो झाला' म्हणून सगळे औषधं मागत बसतात.

फिल्टर कुठे टेकवायचा: दोषाच्या खाली साधारण २.५ ते ३ सेंटीमीटर, सरळ आणि स्वच्छ भागात. स्टेंटचं टोक आणि बलूनचं नाक फिल्टरला धडकणार नाही इतकी जागा पाहिजे. फिल्टरवायर ईझेडची जाळी ११० मायक्रॉनची, कडी एकाच बाजूने वायरला टांगलेली, त्यामुळे ती भिंतीला पूर्ण टेकली का हे दोन काटकोनी कोनांतून पाहायचं. एकाच कोनात गोल दिसते आणि दुसऱ्यात एका बाजूला फट असते. त्या फटीतून माल जातो तो जातोच. स्पायडरएफएक्सची सोय अशी की आधी आपल्या हातातली नेहमीची ०.०१४ वायर पार करता येते, मग तिच्यावरून कॅथेटर, मग वायर काढून फिल्टर. वळणदार ग्राफ्टमध्ये हे सोपं पडतं.

दोष अगदी खालच्या टाक्यावर असेल तर फिल्टरला जागाच नाही. तिथे उगाच कोंबू नये.

शंकासुर

फिल्टरचं एवढं कौतुक चाललंय म्हणून विचारतो. पुरावा कोणता? सेफर चाचणी २००२ ची. तीही फिल्टरची नव्हे, गार्डवायर नावाच्या, खालून फुगा लावून प्रवाह अडवणाऱ्या उपकरणाची. त्यानंतर औषधं बदलली, स्टेंट बदलले. नंतरच्या नोंदवह्यांत फायदा धूसर दिसला, मार्गदर्शक सूचनांतलं स्थानही पहिल्या वर्गातून घसरलं. आणि फिल्टरची किंमत रुग्णाच्या खिशातून जाते.

धमनीकर

शंका रास्त आहे, अर्धी. सेफरमध्ये ८०१ रुग्ण होते. ३० दिवसांतल्या मोठ्या दुर्घटना १६.५ टक्क्यांवरून ९.६ वर आल्या, नो-रिफ्लो ९ वरून ३ वर. मग फायर चाचणीत फिल्टरवायर आणि गार्डवायर समोरासमोर आले, ६५१ रुग्ण, फिल्टर कमी ठरला नाही. म्हणजे फिल्टरला पुरावा थेट नसला तरी अधांतरीही नाही. नोंदवह्यांचा घोळ असा की फिल्टर कोणाला लावला जातो? ज्याचा ग्राफ्ट आधीच वाईट दिसतो त्याला. मग निकाल सारखे आले तर त्यात फिल्टरचा दोष किती आणि निवडीचा किती?

माझा व्यवहार असा. छोटा, एका जागीचा, स्वच्छ दिसणारा दोष असेल तर फिल्टरशिवाय थेट स्टेंट. लांब, खडबडीत, आत काहीतरी हलताना दिसतंय असा ग्राफ्ट आणि खाली जागा आहे, तर फिल्टर. पूर्ण बंद ग्राफ्टमध्ये आधी वायर पार करून प्रवाहाचा धागा तरी दिसू दे, कारण खाली काय आहे हे न बघता फिल्टर उघडणं म्हणजे अंधारात जाळं टाकणं.

शंकासुर

निवडीचा मुद्दा मान्य. खिशाचा मुद्दा तसाच उभा आहे.

मात्रा

गुठळी ओढून काढण्याबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. टोटल चाचणीनंतर ॲस्पिरेशन बाद झालं असं सरसकट बोललं जातं. त्या चाचणीत १० हजारांहून जास्त रुग्ण होते, सरसकट ओढण्याने फायदा दिसला नाही आणि ३० दिवसांत पक्षाघात ०.३ टक्क्यांऐवजी ०.७ टक्के झाले. पण बायपास झालेले रुग्ण त्या चाचणीत घेतलेच नव्हते. म्हणजे ग्राफ्टबद्दल ती चाचणी गप्प आहे. पक्षाघाताचा धडा मात्र ग्राफ्टला दुप्पट लागू, कारण ग्राफ्टचं तोंड थेट महाधमनीत. ओढलेली गुठळी तोंडाशी सुटली की पुढचा मुक्काम मेंदू.

काळा_ॲप्रन

@मात्रा, नेमकं. म्हणून ॲस्पिरेशनची शिस्त लिहून ठेवतो.

कॅथेटर सलाइनने भरून घ्या. गुठळीच्या एक-दोन सेंटीमीटर आधीच सिरिंजचं ओढणं सुरू करा, गुठळीत घुसल्यावर नाही. सावकाश पुढे, घाई नको. सिरिंजमध्ये रक्त यायचं थांबलं तर आनंद मानू नका आणि ओढणंही सोडू नका: टोकाशी गुठळी अडकली आहे. गाइड ग्राफ्टच्या तोंडात नीट बसलेला ठेवून, ओढणं चालू ठेवूनच कॅथेटर पूर्ण बाहेर काढा. मग वाय-कनेक्टर उघडून गाइडमधून रक्त वाहू द्या, शिवाय १०-२० मिली मागे ओढून टाका. त्यानंतरच कॉन्ट्रास्ट. ही शेवटची पायरी विसरली की गाइडमध्ये राहिलेली गुठळी आपणच परत आत मारतो. ओढलेलं रक्त गाळणीवर ओता. लाल मऊ गुठळी आली की पिवळट कण आले यावरून खाली काय आहे ते कळतं. पिवळे कण आले तर पुढे फिल्टर लावायचा की नाही हा प्रश्न उरत नाही.

हाताच्या सिरिंजचं ओढणं पहिल्या काही मिलीतच ओसरतं. पंपावर चालणारं पेनम्ब्राचं कॅट आरएक्स सतत ओढतं, पण किंमतही तशीच. अँजिओजेटमध्ये उलट्या दिशेने मारलेल्या सलाइनच्या वेगवान धारांनी पोकळी तयार होते, गुठळी फुटते आणि मागे खेचली जाते. त्यात हृदयाची गती पडते, विशेषतः उजव्या बाजूला, म्हणून तात्पुरता पेसर तयार ठेवतात. लाल पेशी फुटून लघवी लाल होते ते वेगळं.

उत्सुक_वाचक

मी वैद्यकीय नाही, पण घरातल्यांचे रिपोर्ट समजावेत म्हणून वाचतोय. गुठळी आहे तर ती विरघळवणारं औषध थेट ग्राफ्टमध्येच का सोडत नाहीत? एवढी यंत्रं कशाला?

धमनीकर

प्रश्न साधा नाही, नव्वदच्या दशकात सगळ्यांना हाच मोह होता. ग्राफ्टच्या तोंडात कॅथेटर ठेवून तासन्‌तास युरोकायनेज सोडायचं. रोबस्ट नावाच्या अभ्यासात १०७ रुग्णांचे जुने बंद ग्राफ्ट असे उघडायचा प्रयत्न झाला. साधारण दोन तृतीयांश उघडलेही, पण सहा महिन्यांत त्यातले कितीतरी पुन्हा बंद. मधल्या तासांत खाली कण जाऊन झालेले अटॅक, कॅथेटरच्या जागी रक्तस्राव. पुढे व्हेगास-२ चाचणीत ग्राफ्टमधलं युरोकायनेज आणि अँजिओजेट समोरासमोर आले, तेव्हा यंत्राच्या बाजूला महिन्याभरातले अटॅक आणि रक्तस्राव दोन्ही कमी दिसले. कारण वर आलंच आहे: गुठळी विरघळली तरी तिच्याखालचा मेद विरघळत नाही, आणि अर्धवट विरघळलेली गुठळी सुटी होऊन खाली जाते.

गुठळी खूप मोठी, रुग्ण स्थिर, दुखणं थांबलेलं, खाली प्रवाह चालू आहे: अशा वेळी कधीकधी काहीच न करणं हा उपाय असतो. हेपरिन, ॲस्पिरिन, दुसरी प्लेटलेटची गोळी देऊन काही दिवसांनी पुन्हा बघायचं. गुठळी ओसरते, खरा दोष उघडा पडतो, छोट्या स्टेंटवर भागतं. अस्थिर रुग्णाला मात्र हे लागू नाही.

शंकासुर

आणि अॅब्सिक्सिमॅब, टायरोफिबन? गुठळी दिसली की बाटली लटकवायची सवय अजून जात नाही.

मात्रा

जायला हवी. शिरेच्या ग्राफ्टच्या अँजिओप्लास्टीत ग्लायकोप्रोटीन २बी/३ए रोधकांचा (ही दोन्ही औषधं त्याच गटातली) फायदा होत नाही, हे जुन्या मोठ्या चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात २००२ मध्येच दिसलं. कारण तर्काला धरून आहे: ही औषधं प्लेटलेटवर चालतात, मेदाच्या कणांवर नाही. शेवटचा उपाय म्हणून, ताजी प्लेटलेटची गुठळी डोळ्यांसमोर वाढतेय अशा वेळी वापरा. मग हेपरिन कमी करा, एसीटी २०० ते २५० पुरे.

प्रवाह थांबल्यावरची औषधं आधी भरून, लेबल लावून ठेवायची, थांबल्यावर फोडायला घ्यायची नाहीत. पातळ करण्याचा हिशेब:

ॲडिनोसिन: ६ मिलिग्रॅमची २ मिलीची कुपी सलाइनने १०० मिली करा. एका मिलीत ६० मायक्रोग्रॅम. एका वेळी ५० ते २०० मायक्रोग्रॅम, पुन्हा पुन्हा. परिणाम काही सेकंदांत संपतो, म्हणून एकदा देऊन 'उपयोग झाला नाही' म्हणू नये. गती पडते, दम्याच्या रुग्णात जपून.

नायट्रोप्रुसाइड: ५० मिलिग्रॅम ५०० मिली डेक्स्ट्रोजमध्ये. मिलीला १०० मायक्रोग्रॅम. ५० ते २०० एका वेळी. उजेडापासून झाका. दाब आधीच पडलेला असेल तर नको.

व्हेरापामिल: ५ मिलिग्रॅम ५० मिलीत, मिलीला १००. १०० ते २५० एका वेळी. हृदयाचा पंप कमजोर असेल, गती मंद असेल तर टाळा.

दाब पडलाय आणि प्रवाहही नाही: ॲड्रिनलिन. १ मिलिग्रॅमची कुपी १० मिलीत, त्यातली १ मिली पुन्हा १० मिलीत, म्हणजे मिलीला १० मायक्रोग्रॅम. ५० ते २०० मायक्रोग्रॅम विभागून. दुसऱ्यांदा पातळ करायचं विसरलं की दहापट जातं, आणि घाईत नेमकं तेच विसरलं जातं. दोन्ही सिरिंजवर एकच नाव असेल तर पहिली टेबलावर ठेवूच नका.

महत्त्वाचं म्हणजे हे सगळं गाइडमधून देऊ नका. खाली प्रवाहच नाही तर औषध ग्राफ्टच्या तोंडातून महाधमनीत परत जातं, दाब पडतो आणि सूक्ष्म वाहिन्यांना काहीच मिळत नाही. मायक्रोकॅथेटर किंवा ॲस्पिरेशन कॅथेटर खाली नेऊन त्यातून द्या.

काळा_ॲप्रन

त्याआधी एक बघा, फिल्टर आत आहे का? स्टेंट लावल्यावर प्रवाह थांबला तर पहिला संशय नो-रिफ्लोचा नव्हे, भरलेल्या फिल्टरचा. कॉन्ट्रास्ट फिल्टरपाशी येऊन उभा राहतो. अशा वेळी औषधं न देता फिल्टरच्या वरचा स्थिर स्तंभ आधी ॲस्पिरेशन कॅथेटरने ओढून घ्या, कारण त्यात तरंगणारे कण आहेत. फिल्टर मिटला की ते मोकळे. मग फिल्टर काढा. गच्च भरलेला असेल तर पूर्ण मिटू नका, अर्धवट मिटवूनच बाहेर आणा. दाबून मिटला तर चाळणीतून पुरण पाडल्यासारखा माल खाली उतरतो.

बाह्यरुग्ण

पुरणाची उपमा डोक्यातून जाणार नाही आता. स्टेंटबद्दल लिहा कोणीतरी. औषधी स्टेंट लावला तरी ग्राफ्ट पुन्हा बंद पडल्याचे रिपोर्ट घेऊन रुग्ण येतात.

धमनीकर

ग्राफ्टमध्ये औषधी स्टेंटचा दबदबा मूळ धमनीइतका नाही. इसार-कॅबगमध्ये वर्षाला औषधी स्टेंट सरस दिसला, पाच वर्षांनी फरक मावळला. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या दिवा चाचणीत सुमारे ६०० रुग्णांत साध्या आणि औषधी स्टेंटमध्ये फरकच निघाला नाही, २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. कारण उरलेला ग्राफ्ट आजारीच राहतो. स्टेंटच्या जागी नाही तर दुसऱ्या जागी मेद वाढतो. व्यवहारात आज बहुतेक ठिकाणी औषधी स्टेंटच लावला जातो, त्यात गैर नाही. फक्त रुग्णाला 'आता दहा वर्षं बघायला नको' असं सांगू नये.

लावायची पद्धत महत्त्वाची. जमेल तिथे आधी बलून न फुगवता थेट स्टेंट, म्हणजे मेद भिंतीशीच दाबला जातो. आकार किंचित लहान. आयव्हसने (रक्तवाहिनीच्या आतून केलेल्या सोनोग्राफीने) मोजलेल्या व्यासाच्या ०.८९ पटीपेक्षा कमी ठेवलेल्या स्टेंटमध्ये खाली कमी माल गेला आणि पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण वाढलं नाही, असं एका अभ्यासात दिसलं. म्हणजे ४ मिमीच्या ग्राफ्टला ३.५ चालेल. मग नॉन-कंप्लायंट (कडक) बलूनने 'जरा चकचकीत' करायचा मोह आवरा. १० टक्के कमी फुगलेला दिसला तर दिसू द्या. अपवाद महाधमनीच्या तोंडाचा: तिथे भिंत जाड आणि परत आवळणारी असते, स्टेंट नीट धरला पाहिजे आणि एखादा मिलिमीटर महाधमनीत बाहेर ठेवावा लागतो.

जास्त फुगवण्याचा दुसरा धोका म्हणजे ग्राफ्ट फाटणं. शस्त्रक्रियेत हृदयाचं आवरण उघडलेलं असतं, म्हणून 'बायपासवाल्याला टॅम्पोनाड (रक्त साठून हृदय दाबलं जाणं) होत नाही' असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. रक्त छातीच्या पोकळीत जातं किंवा चिकटलेल्या कप्प्यात साठून एकाच कक्षाला दाबतं, आणि साध्या इकोत ते दिसत नाही. दाब पडतोय आणि इको स्वच्छ, तर सीटी करा. आवरणवाला स्टेंट योग्य मापात कपाटात आहे का, हे केस सुरू होण्याआधी बघायचं.

सुईदोरा

सर्जनच्या बाजूने उशिरा येतोय. सगळी चर्चा जुन्या ग्राफ्टची चालली आहे, पण पहिल्या तीस दिवसांतला बंद ग्राफ्ट हा वेगळाच प्राणी आहे.

आयसीयूत काही तासांत एसटी बदलला, अतालता सुरू झाली, कारण न सापडता दाब पडतोय, ट्रोपोनिन अपेक्षेपलीकडे चढतंय, तर अँजिओ. 'शस्त्रक्रियेनंतर असं होतंच' म्हणून सकाळपर्यंत थांबू नये. आत गुठळी सापडेल, पण कारण पीळ, घडी, ताण, चुकीच्या जागचा टाका किंवा पुढची धमनीच १ मिमीची. गुठळी काढून कारण तसंच ठेवलं तर दोन तासांत परत. ताज्या टाक्यावर बलून फुगवला तर टाका उसवू शकतो. म्हणून शक्यतो मूळ धमनी उघडा, नाहीतर परत थिएटर. हे सगळं टाळायचं तर छाती बंद करण्याआधी ट्रान्झिट टाइम फ्लो (ग्राफ्टमधला प्रवाह) मोजावा: मिनिटाला २० मिलीच्या खाली आणि पल्सेटिलिटी इंडेक्स (पुढचा विरोध दाखवणारा आकडा) ५ च्या वर दिसला तर तो ग्राफ्ट तिथेच पुन्हा तपासायचा.

शीर काढतानाच तिचं नशीब निम्मं ठरतं. गळती बघण्यासाठी सिरिंजने जोरात फुगवली की आतलं अस्तर सोलून निघतं. साध्या सलाइनमध्ये भिजत ठेवण्यापेक्षा बफर असलेलं द्रावण बरं. स्वीडनमधल्या ऑरेब्रो इथे डोमिंगोस सूझा यांनी शीर भोवतालच्या चरबीसकट, न फुगवता काढायची 'नो-टच' पद्धत रुळवली. त्यांच्या १६ वर्षांच्या पाठपुराव्यात असे ८३ टक्के ग्राफ्ट चालू होते, नेहमीच्या पद्धतीचे ६४ टक्के. पायाची जखम जास्त चिघळते ही किंमत आहे, मधुमेही पायात ती लहान नाही.

उत्सुक_वाचक

बायपास झालेल्या माणसाने आणि घरच्यांनी काय पाहायचं, हेही लिहाल का?

सुईदोरा

ॲस्पिरिन. रक्तस्राव नसेल तर शस्त्रक्रियेनंतर सहा तासांच्या आत सुरू होते आणि कायम चालू राहते. दात काढायचा म्हणून परस्पर बंद करायची नाही, आधी विचारायचं. दुसरी प्लेटलेटची गोळी सोबत द्यावी का, यावर एकमत नाही. चीनमधल्या ५०० रुग्णांच्या डाकॅब चाचणीत वर्षअखेर टिकाग्रेलॉर आणि ॲस्पिरिन मिळून ८८.७ टक्के ग्राफ्ट चालू होते, नुसत्या ॲस्पिरिनवर ७६.५. नेदरलँड्समधल्या पॉप्युलर कॅबगमध्ये जवळपास तेवढ्याच रुग्णांत काही फरक नाही. अटॅक येऊन बायपास झाला असेल तर दोन गोळ्यांकडे कल, नाहीतर रक्तस्रावाचा धोका बघून.

स्टॅटिन थांबवायचं नाही. 'कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं म्हणून बंद केलं' हे वाक्य ग्राफ्ट बंद पडलेल्यांच्या फायलीत फार वेळा असतं. १९९७ च्या पोस्ट-कॅबग चाचणीत एलडीएल जोरकसपणे उतरवलेल्या गटात २७ टक्के ग्राफ्टमध्ये आजार वाढला, सौम्य उपचारात ३९ टक्के. आज लक्ष्य ५५ च्या खाली. तंबाखू आणि मशेरीसुद्धा बंद, नुसती सिगरेट नव्हे.

आणि डिस्चार्ज कार्डासोबत शस्त्रक्रियेची नोंद मागून घ्या, तिची झेरॉक्स घरात आणि फोटो दोघांच्या फोनमध्ये. रात्री दोन वाजता दुखायला लागलं तर १०८ बोलवा आणि तो कागद सोबत द्या. त्या एका कागदाने टेबलावरचा बराच वेळ आणि कॉन्ट्रास्ट वाचतो.

मात्रा

+१. कागदावर जुन्या स्टेंटचं कार्डही टाचा.

@काळा_ॲप्रन, एक राहिलं. स्टेंट लावल्यावर फिल्टर काढायचा कॅथेटर स्टेंटच्या वरच्या कडेला अडतो आणि खाली जातच नाही, तेव्हा?

काळा_ॲप्रन

फिल्टर वर ओढायचा नाही, हे पहिलं. उघडा फिल्टर स्टेंटच्या तारांत गुंतला की फिल्टरही अडकतो आणि स्टेंटही वाकतो.

कॅथेटर थोडा मागे घेऊन फिरवा आणि पुन्हा लावा, टोक दुसऱ्या बाजूने सरकतं का बघा. रुग्णाला खोल श्वास घ्यायला सांगा. ग्राफ्ट किंचित सरळ होतो आणि कड सुटते. वाकड्या टोकाचा रिट्रिव्हल कॅथेटर असेल तर तो घ्या. तरीही नाही, तर गाइड जरा आत सरकवा, म्हणजे वायरचा कल बदलतो. त्यानेही नाही झालं तर गाइडलायनर (गाइडच्या आतून पुढे सरकवायची नळी) स्टेंटमधून पलीकडे न्या आणि त्याच्या पोटातून कॅथेटर फिल्टरपर्यंत. स्टेंटची वरची कड पूर्ण टेकलेली नसेल तर त्या कडेला छोटा बलून कमी दाबाने एकदा लावून पुन्हा प्रयत्न करा, फिल्टर अजून उघडाच आहे तोवर. या सगळ्यात एसीटी दर २०-३० मिनिटांनी बघत राहा. फिल्टर जितका वेळ आत, तितकी त्याच्यावर गुठळी धरायची शक्यता.

काढल्यावर फिल्टर सलाइनच्या वाटीत उघडून बघा आणि केस शीटवर काय निघालं ते लिहा: लाल, पिवळं की रिकामं.